पोपट नको, तोंड दिसू दे

आधी काकीचं सांगते. तुमसरला मी जिच्या घरात भाड्याने राहते ती ही काकी. दारात येणारं धान विकत घेते, बाजारात नेऊन विकते, आणि तिच्या हातात कायम परखी असते, म्हणजे पोत्यात खुपसून मधलं धान बाहेर काढायची लोखंडी नळी. वर पसरलेल्या धानावर तिचा जन्मात विश्वास बसलेला नाही. भर हंगामात, सिहोऱ्याकडून धान घेऊन आलेल्या दोघांना ओट्यावर बसवून ती माझ्याबरोबर मोबाईलच्या दुकानात टॅबलेट घ्यायला आली. ती नसती तर माझ्या आईच्या घरात आज पोपट उडाले असते आणि मी मात्र दिसले नसते.

माझं माहेर जतच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याला इथल्या राईस मिलमध्ये फिटरचं काम लागलं. मी त्याच मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवते. तिकडे आईचे कान गेले. कानातलं मशीन लावून पाहिलं, पण त्यात नुसता कालवा ऐकू येतो म्हणून तिने ते डब्यात घालून ठेवलं. समोर बसलं की ओठांवरून तिला सगळं कळतं. फोनवर कसलं कळतंय? मी ओरडायची, आणि माझ्या माहेरची खबर अख्ख्या मिलला कळायची, आईला सोडून. भावाच्या मोबाईलवर व्हिडिओ लावला तर तडकलेल्या काचेत माझं तोंड चिंचोक्याएवढं. "ताप उतरला का?" "हो हो." "गोळ्या संपल्या का?" तरी "हो हो." भाऊ दिवसभर कामावर, आई एकटी. मला त्या 'हो हो'ची भीती बसली होती. म्हणून मोठ्या काचेचा टॅबलेट घेऊन आईकडे पाठवायचा ठरवला.

ठरवला आणि शहाण्यांची रांग लागली. मिलच्या ऑफिसातला सुपरवायझर, ज्याला स्वतःच्या मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही, तो म्हणाला, "रॅम बघा ताई, रॅमच सगळं असतं." आईला बघायचंय, रॅमला नाही, हे त्याला कोण सांगणार. मग व्हिडिओ बघितले. प्रत्येकात एक पोरगा सुरी घेऊन खोका फाडतो, खोक्याची वाखाणणी करतो, टॅबलेट उलटासुलटा करतो आणि त्यावर बंदुकीचा खेळ खेळून दाखवतो. शेवटी म्हणतो, बजेटमध्ये एवढं मिळतंय, अजून काय पाहिजे? काय पाहिजे ते त्याने एकदाही विचारलं नाही. स्वस्त म्हणायची लाज वाटते म्हणून बजेट म्हणतात, एवढं मात्र मला त्यातून समजलं. एवढे व्हिडिओ पाहिले, पण एकाही पोराने आपल्या आईला फोन लावून दाखवला नाही.

दुकानदार तर या सगळ्यांचा बाप. अंगाला अत्तर, समोर काचेचं काउंटर. आम्ही बसायच्या आत त्याने एक टॅबलेट पुढे सरकवला. त्यावर लाल-हिरवे पोपट उडत होते, मागे धबधबा.

"कलर बघा काकी. एकदम मस्त पीस. डोळे बंद करून घ्या."

"डोळे बंद करून घ्याचं त रेडिओ घेतो ना बापा," काकी म्हणाली. "अन् पोपट नाई पायजे आमाले. हे वरचं हाय. आतलं काढ."

"हा डेमो पीस आहे. आत सेमच असतो."

"सेम हाय म्हणते त काढाले कायले भेतं?"

सील फोडलं की माल तुमचा, असा त्याचा नियम. काकीने स्टूल ओढलं ते थेट दुकानाच्या दारात टाकलं आणि त्यावर बसली. काकीचा देह मोठा. येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाकून, तिरपं होऊन आत यावं लागत होतं. प्रत्येकाला ती सांगायची, "या भाऊ, या. हा आतला माल दाखवत नाई म्हणते." थोड्याच वेळात खोका फुटला.

त्यात पोपट नव्हते. ते डेमोच्या पोटात आधीच भरून ठेवलेले होते. दुकानदाराने दुकानातलं वायफाय जोडलं. काकीने पदराची टोकं दोन्ही कानांत कोंबली आणि मला म्हणाली, "मी तुई आई. जाय रस्त्यावर, बोल."

मी समोरच्या भाजीच्या गाडीपाशी जाऊन मोबाईलवरून व्हिडिओ लावला. म्हटलं, काकी, भाजी काय आणू? आतून भोंगा वाजला, "तोंड उघडंच राहिलं वं तुयं! बाई मेली का?"

माझं तोंड तिथल्या काचेत उघडंच अडकलं होतं. दुकानदार म्हणाला, नेट स्लो आहे. मी घाबरतच विचारलं, आईच्या गावात वायफाय नाही, याच्यात सिम कुठे घालायचं?

"याला सिम नसतं ताई. वायफाय लावून घ्या ना घरी."

जणू आमच्याकडे वायफाय ज्वारीसारखं पेरतात. एवढा वेळ तो हे बोलला नव्हता.

"हे ठेव तुह्या पोपटाजवळ," काकी म्हणाली. "सिमवाला काढ. अन् त्याचंबी आतलंच."

कपाळाला आठ्या घालून त्याने खालच्या फळीवरून एक जाड, काळा टॅबलेट काढला, काचेत रंग फिकट दिसणारा. हा चालत नाही ताई, कोणी घेत नाही, असंही म्हणाला. मी माझं सिम त्यात घातलं, काकीचा मोबाईल घेतला आणि पुन्हा भाजीच्या गाडीपाशी गेले. तेच विचारलं.

"वांगे!" आतून आवाज आला. "भरताचे! काटेवाले पाहून घे!"

अख्खं दुकान हसलं, दुकानदार सोडून. मी तोच घेतला. वांगीही घेतली.

पार्सल पोचेपर्यंत मला घास गोड लागला नाही. भावाने टॅबलेटमध्ये सिम घालून तो जात्याला टेकवून उभा केला, काच उजळली की कुठे बोट लावायचं ते आईला दाखवलं आणि कामावर गेला. मी मिलच्या मागे कोंड्याच्या ढिगाशी उभी राहून व्हिडिओ लावला. ओरडायला तोंड उघडलं, मग थांबले. आवाजच काढला नाही, नुसते ओठ हलवले. गोळ्या संपल्या का?

आई काचेच्या अगदी जवळ आली.

"दोन दिवस झालं संपून," ती म्हणाली. "तू कवा इचारलंस?"

त्याच संध्याकाळी भावाने गोळ्या आणल्या.

काकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग? पोपट सांगणार होते का?" आणि पोत्यात परखी खुपसली. तिला नागपूरच्या पुढचं जग ठाऊक नाही. एक दिवस मी तिला माझ्या खर्चाने माहेरी नेणार आहे, आईसमोर बसवणार आहे. ती आतापासूनच कुरकुरते, तिकडे नुसती भाकर खातेत म्हणे, भातावाचून मी जगन कशी? काकी, तुझ्यासाठी तांदूळ मी इथूनच डोक्यावर नेईन. मधलाच, वरचा नाही.