हल्लु जास्ति

लग्न झालं तेव्हा मी बी.ए., बी.एड. होते, आणि ही गोष्ट सासरच्या म्हशींनासुद्धा पाठ झाली होती. मी बेळगावातली, शहरातल्या जुन्या घरातली. वडील कचेरीत. दारात शेण कधी पाहिलं नव्हतं, आणि न पाहण्याचाही मला अभिमान होता. सासर निपाणीकडचं. तंबाखूचं थोडं रान, चार म्हशी, आणि नवऱ्याची एक जुनी मोटारसायकल. सत्तर साल मागं पडून बरीच वर्षं झाली होती, ऐंशी यायचं होतं. माझ्या नातीला वाटतं आजी जन्मापासून शहाणी. तिच्या माहितीसाठी सांगते, आजी लग्नाच्या वेळी पक्की मूर्ख होती. नुसती मूर्ख असती तरी चाललं असतं. मूर्ख आणि सुशिक्षित, दोन्ही एकदम होती.

नोकरी लागली ती माळावरच्या गावात, संस्थेच्या शाळेत. घरापासून चार मैल. त्यातले अडीच सपाट आणि शेवटचा दीड मैल चढ. बस दिवसातून एकदा, तीही दुपारी. म्हणून नवरा मला मोटारसायकलवरून सोडायचा. माळावरच दूध घेणारं केंद्र होतं, तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या दोन किटल्या टांगलेल्या. मध्ये तो, मागं मी. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पायाशी म्हशीच्या दुधाचा वास. गावातून जाताना मी तोंड असं करायचे, जणू त्या किटल्या दुसऱ्या कुणाच्या गाडीला आहेत.

चढ आला की गाडी रडायची. अर्ध्यावर मला उतरावं लागायचं. नवरा गाडी रेटत, मी चपला हातात घेऊन मागं. असं करता करता दोनदा उशीर झाला. हेडमास्तर कडक. शनिवारी त्यांनी मला बोलावलं आणि समोरचा कागद दाखवला.

"बाई, ही तुम्हाला कायम करण्याची शिफारस. सोमवारी दुपारी संस्थेचा माणूस येणार, त्याच्या हातात द्यायचीय. पण सोमवारी साडेदहाला तुम्ही वर्गात दिसला नाहीत, तर मी यावर सही करणार नाही. दुसरी बाई तयार आहे."

नोकरी गेली तर काय होणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. रोज शेणाची पाटी. सासूबाई बोलणार नाहीत, पण बघतील. आणि बेळगावात माझी धाकटी बहीण, जिला मी नोकरीचा रुबाब दाखवून आले होते, ती बोलेल.

नवऱ्यानं यावर उपाय आधीच काढून ठेवला होता. मी त्या शनिवारी शाळा सुटल्यावर माहेरी जाऊन रविवारी दुपारपर्यंत परत येणार होते. सकाळीच तो मला म्हणाला होता, "बेळगावास्नं फुडचं स्पॉकेट आण. साखळी ज्याच्यावर फिरती ते दात्याचं चक्कर गं. दुकानात गाडीचं नाव सांग आणि चढाचं द्या म्हण. गाडी जरा हळू पळंल, पण ओढंल. बाराचं माग."

मी तेव्हा वेणी घालत होते. 'गाडी हळू पळंल' एवढं कानात शिरलं. पुढचं 'बाराचं' वेणीत अडकलं. "कळलं, कळलं," मी म्हणाले. त्या वयात मला सगळंच अर्ध्यात कळायचं.

आता कन्नडबद्दल. आमच्या माहेरी कन्नड येत नसे, म्हणजे येऊ द्यायचं नाही असं ठरलेलं. सासरी उलट. सासूबाई सदलग्याकडच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण मराठी आणि कन्नड दोन्ही तोंडात एकाच वेळी. चार महिन्यांत मीही पंधरावीस शब्द गोळा केले होते. बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, शिवाय जास्ति, कम्मि. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला कन्नडची जाणकार समजू लागले.

सुट्या भागांचं दुकान होतं धारवाडकडून नव्यानं आलेल्या माणसाचं. त्यानं माझ्याकडं बघून, चांगल्या मनानं, मोडकं मराठी सुरू केलं.

"काय पायजे आक्का?"

मराठीत बोलावं की नाही? साधं, सरळ, आईच्या भाषेत? पण मला सासरी जाऊन सांगायचं होतं की मी बाजार कन्नडमध्ये केला. मी गाडीचं नाव सांगितलं, हातानं पुढं खूण केली आणि म्हणाले, "मुंदे. स्प्रॉकेट बेकु."

त्याला आनंद झाला. "एष्टु हल्लु?" त्यानं विचारलं.

माझ्या माहेराशेजारी मुसलमान कुटुंब होतं. त्यांच्या घरात पोरांना सारखं सांगायचे, 'हल्लू चलो, हल्लू बोलो.' हल्लू म्हणजे हळू. मी मनात म्हटलं, बघा, कन्नडमध्येही तेच आहे. हा विचारतोय, गाडी किती हळू करायची? नवऱ्याला तर हळूच हवी आहे.

"हल्लु जास्ति!" मी ठणकावून सांगितलं. "जास्ति बेकु!"

"एरडु जास्ति साका?" दोन जास्त पुरे का?

"साकु साकु."

त्यानं खोक्यातून एक तेलकट कागदाची पुडी काढली. माझ्या हातात देताना तो जरा थांबला आणि पुन्हा मराठीत आला. "रोडवर लई पळवणार काय हो आक्का?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मीही थट्टेत, "पळवणार तर!" असं म्हणून ऐटीत बाहेर पडले. देवानं दारातच एक इशारा उभा केला होता, आणि मी त्याला हसून बाजूला सारलं.

रविवारी दुपारी घरी आले तर नवरा नव्हता. सदलग्याला मामेबहिणीच्या बाळाच्या बारशाला बसनं गेला होता, संध्याकाळी येणार होता. गाडी अंगणात. शहाण्या बाईनं पुडी कोनाड्यात ठेवली असती. मला मात्र वाटलं, तो येईपर्यंत बसवूनच टाकावं. त्याला साखळी घट्ट करताना मी दोनदा पाहिलं होतं. दोनदा पाहिलं म्हणजे पदवीच झाली.

पदर खोचला. पाने काढले. गिअरचा दांडा काढला, डाव्या बाजूचं झाकण काढलं. आत काळं वंगण आणि मधोमध ते छोटं चक्र, त्यावर मोठा नट. नट हलेना. नट फिरवला की चाकही फिरायचं. मग मी सासूबाईंना हाक मारली. त्या सोप्यात शेंगा फोडत होत्या.

"आत्या, जरा मागचा ब्रेक दाबून धरता?"

"मी?" त्या म्हणाल्या. "या वयात ब्रेक दाबू? मला काय निपाणीला न्यायची हाईस?"

पण आल्या. हातानं पेडल दाबून, नऊवारी आवरून, अंगणात उकिडव्या बसल्या. मी पान्यावर उभीच राहिले. नट सुटला. जुनं चक्र काढून नव्याशेजारी दगडावर ठेवलं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"हे मोठं हाय गं," सासूबाई म्हणाल्या.

"मोठंच हवं, आत्या. मोठं म्हणजे ताकद जास्त."

"कोण म्हणलं?"

"विज्ञान." मी त्यांना हे खरंच म्हणाले. आजही आठवलं की उशीत तोंड घालावंसं वाटतं. मोठं चक्र मागच्या चाकाला घातलं तर ओढ वाढते हे खरं. पुढं घातलं तर नेमकं उलटं होतं. मला त्या विज्ञानाचा निम्मा भाग ठाऊक होता, आणि तो निम्मा भाग चुकीच्या टोकाला होता.

नवं चक्र बसवलं तर साखळी पुरेना. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "आता साखळी आखूड कशी काय झाली? सकाळपतुर तर लांब हुती."

"नवीन वस्तू घट्टच असते."

मागच्या चाकाचे नट सैल करून चाक पुढं ओढलं, तेव्हा कशीबशी बसली. सासूबाईंनी हाताचं वंगण राखेनं घासलं आणि एवढंच म्हणाल्या, "तू शिकल्याली हाईस. मला काय कळतंय." त्या असं म्हणाल्या की काहीतरी चुकलेलं असायचं, हे मला कळायला पुढं पाच वर्षं लागली.

नवरा दिवस मावळताना आला. मी त्याला काही सांगितलं नाही. सकाळी चढावर चकित करायचं होतं.

सोमवारी पावणेदहाला निघालो. सपाटीवर गाडी अशी सुटली की किटल्यांची झाकणं वाजायला लागली.

"लई पळतीया गं आज," तो ओरडला. "काय झालंय हिला?"

"नवं स्प्रॉकेट बसवलंय!"

"कुणी?"

"मी!"

तो मान वळवून म्हणाला, "आणि मग पळतीया कशी? हळू व्हाया पायजे."

"चढावर होईल हळू."

झाली. चढाच्या पहिल्या वळणावर हळू झाली, दुसऱ्या वळणावर आणखी हळू झाली, आणि मग बंद पडली. तो म्हणाला, उतर. उतरले. किटल्या काढून बाभळीखाली ठेवल्या. पुन्हा दोघं बसलो. दहा हात गेली आणि थांबली. क्लच जळाल्याचा वास आला. मी मागून ढकलत, तो पुढं पाय घासत. माझ्या साडीवर साखळीचं काळं उमटलं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत.

तो उतरला, गाडी स्टँडवर लावली, खाली वाकून झाकणाच्या फटीतून बघितलं आणि विचारलं, "दुकानात काय म्हणलीस?"

"हल्लु जास्ति म्हटलं. हळू जास्त."

तो रस्त्याच्या कडेला बसलाच. आधी मला वाटलं, चक्कर आली. पण तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं हल्लु म्हंजे दात! दात जास्ती मागून आलीस! हळूला निधान म्हणत्यात. चौदाचं हुतं, बाराचं पायजे हुतं, तू सोळाचं आणलीस!"

मी त्याच्यावर ओरडले. चूक माझी आणि ओरडले त्याच्यावर, कारण तो हसत होता आणि घड्याळात दहा वीस झाले होते. मग चालत निघाले, जवळजवळ पळत. तो गाडी तिथंच टाकून माझा डबा घेऊन मागं.

शाळेत पोचले तेव्हा अकराला पाच कमी. माझ्या वर्गावर हेडमास्तर स्वतः उभे. त्यांनी मला खोलीत बोलावलं. कागद टेबलावरच होता, सही नसलेला.

"काय झालं?"

मी खरं सांगू शकले असते. मी चुकीचा भाग आणला, मीच बसवला, भाषा येत नसताना ऐट केली. दोन वाक्यांचं काम. मी म्हणाले, "सर, घरच्यांनी गाडीत काहीतरी चुकीचं बसवलं. मी वेळेवरच निघाले होते. मी काय करू?" आणि रडले. रडणं खरं होतं, एवढंच त्यातलं खरं.

नवरा दारात होता. एका हातात माझा डबा, दुसरा हात काळा. त्यानं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं बघितलं, फार वेळ नाही.

"व्हय सर," तो म्हणाला. "मीच बसिवलं. चुकलं माझं. बाईंचा काय दोष न्हाय."

हेडमास्तरांनी त्याला उभ्या उभ्या झाडलं. शिकलेली बायको मिळाली, तिची कदर नाही. अर्धवट ज्ञानावर गाड्या खोलता. बायको नोकरी करते तर तुम्ही वेळेची तरी किंमत ठेवा. तो मान हलवत 'व्हय, व्हय' म्हणत राहिला. मी डोळे पुसत शेजारी उभी, आणि हे लिहायची लाज वाटते, पण झाडणं मला बरं वाटत होतं. तेवढा वेळ मला कुणी बोलत नव्हतं. शेवटी हेडमास्तरांनी चष्मा चढवला आणि सही केली.

त्या सहीवर मी एकोणतीस वर्षं शिकवलं.

घरी गेले तेव्हा दिवेलागण होत होती. केंद्रावर न पोचलेलं दूध नवऱ्यानं दुपारीच परत आणलं होतं, आणि सासूबाई मोठ्या पातेल्यात ते आटवत बसल्या होत्या. घरभर खव्याचा वास.

"ल्योक म्हणतोय, त्यानंच बसिवलं ते चक्कर," त्या उलथणं न थांबवता म्हणाल्या. "मग काल ब्रेक कुणी दाबला हुता? भुतानं?"

"गप गं आई," तो बाहेरून म्हणाला. "नोकरी पक्की झाली तिची."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. माझ्या नखांत अजून कालचं वंगण होतं. त्यांनी पाट सरकवला, भाकरी वाढली, वर वाटीभर खवा ठेवला.

"खा. मास्तरीण झालीस."

मी तीन भाकरी खाल्ल्या. वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि आणखी मागितला.