टाकाऊ हिरवा अकीक

माझा आतेभाऊ दगड चाटतो. लहानपणी चाटायचा असं नव्हे, आज वयाच्या सहासष्टाव्या वर्षी चाटतो. कच्चा दगड हातात आला की आधी तो जिभेच्या टोकाला लावायचा, ओला झालेला भाग खिडकीकडे धरायचा आणि मगच तोंड उघडायचं, अशी त्याची पद्धत. विकणारा काय नाव सांगतो ते तो ऐकूनही घेत नाही.

घरात आम्ही त्याला दादा म्हणतो. धंद्यातले लोक डबलचष्मा म्हणतात, कारण बारीक काम असलं की तो एका चष्म्यावर दुसरा चढवतो. चाळीस वर्षं फिरत्या चाकावर दगड घासून त्याच्या दोन्ही अंगठ्यांवरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत. एका कार्यालयात ठसे घेणाऱ्या यंत्राने त्याला चारदा नाकारलं, तेव्हा तो तिथल्या बाईंना म्हणाला, "लिहून टाका, माणूस पॉलिश झालाय."

त्याची कामाची जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. खिडकीखाली दोन चाकं, भिंतीला बिनकुलपाचं कपाट, आणि कोपऱ्यात रात्रंदिवस खळखळत फिरणारा रबरी अस्तराचा ड्रम. रविवारी सकाळी मी तिथे जातो. काम एकच, भागाकार. दादा दगड आधी कोरडा तोलतो, मग दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबता ठेवून तोलतो. पाण्यात जेवढं वजन कमी भरतं, त्याने कोरड्या वजनाला भागायचं. येणारा आकडा दगडाच्या जातीचा असतो, मग तो दगड केवढाही असो. अकीक असेल तर दोन पॉइंट सहा. दादाला दगड कळतात, पण दशांशचिन्ह दिसलं की त्याला घाम फुटतो.

"या हिशेबनीस," तो म्हणतो. "एवढी वर्षं दुसऱ्यांच्या वह्या बघितल्यास. आता जरा खरं काहीतरी मोज."

दुसरं चाक मास्तरांचं. या धंद्यात त्यांनी अनेकांना शिकवलं म्हणून मास्तर. दोघांनी अठ्ठावीस वर्षं शेजारी बसून काम केलं आणि रोज भांडण केलं. मास्तर अचानक गेले. चाकावर अर्धा घासलेला खडा तसाच होता. दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नी आल्या आणि कपाटातले मास्तरांचे एकतीस डबे दादाने विकत घ्यावेत, असं म्हणाल्या. प्रत्येक डब्यावर मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी होती. दादाने लगेच हो म्हटलं आणि मी तिथेच सगळ्या डब्यांची यादी केली.

"पण एक आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "यात माझा एक दगड आहे. तो मला कापून द्यायचा."

"तुमचा म्हणजे?"

"पंचवीस वर्षं झाली लग्नाला, तेव्हा दाखवला होता. एवढा." त्यांनी अंगठा दाखवला. "हिरवा. एका बाजूने बघितला की पोपटी, टोकाकडून बघितला की काळाकुट्ट. म्हणाले, काम सोडलं की शेवटचा हाच कापीन, तुझ्यासाठी. आणि परत ठेवून दिला. कुठे, विचारलं तर म्हणाले, अशा डब्यात ठेवलाय की कोणी हात लावणार नाही."

"हा टुर्मलिन. दोन बाजूंनी दोन रंग, दुसरा कोण असणार!" दादाने कपाटावरून नजर फिरवली आणि 'हिरवा टुर्मलिन, उत्तम' असं लिहिलेला डबा खाली काढला. झाकणाला पट्टी चिकटवलेली होती. "हा घ्या वहिनी. अर्ध्या मिनिटात सापडला. उघडू?"

"नको," त्या म्हणाल्या. "आता कच्चा बघून काय करू? कापून झाला की बोलवा." जाताना जिन्यात त्यांनी डोळे पुसले.

त्या आठवड्यात दादाकडे मोठं काम होतं, शोभेच्या गुळगुळीत खड्यांचं. असे खडे ड्रममध्ये घालतात. दगड, पाणी आणि खरखरीत भुकटी टाकून ड्रम महिनाभर फिरवायचा. तो पाऊण भरलेला लागतो, नाहीतर दगड एकमेकांवर आपटून फुटतात. दोन मुठी माल कमी पडला, तर हलक्या प्रतीचे दगड भर म्हणून घालायचे. त्या संध्याकाळी नेमका दोन मुठी माल कमी पडला. दादाने कपाटातून मास्तरांचा एक डबा काढला. चिठ्ठी होती, 'टाकाऊ हिरवा अकीक. ड्रमात भर.' त्याने झाकण उघडलं आणि डबा सरळ ड्रममध्ये उपडा केला. एकही दगड चाटला नाही की खिडकीकडेही धरला नाही. मास्तरांचं अक्षर होतं.

ड्रम सुरू केल्याच्या चोविसाव्या दिवशी, रविवारी, त्याला सवड झाली. वहिनींचा डबा त्याने मुद्दाम मी येईपर्यंत ठेवला होता. हात धुतले, दोन्ही चष्मे चढवले, पट्टी सोडवली. आत सात-आठ हिरवे तुकडे होते. त्याने एक जिभेला लावला, उजेडात धरला, आणि तो तसाच धरून बसला.

"काय रे?"

"बुडबुडे आहेत आत." त्याने तुकडा माझ्यापुढे धरला, "तोल."

तोललं. भागाकार केला. दोन पॉइंट पाच.

"काच," दादा म्हणाला. "बाटलीची काच. मास्तरांना कोणी काच विकली?"

"फसले असतील एखाद वेळी."

"मास्तर? अरे, तो माणूस अंधारात बोटाने दगड ओळखायचा! मला गाढव म्हणायचा, कारण मला चाटावं लागतं."

त्याने 'पुष्कराज'चा डबा उघडला. आत पिवळट स्फटिक, कवडीमोल. मग 'साधा स्फटिक' लिहिलेला डबा हातात घेतला आणि उघडण्याआधीच म्हणाला, "हा जड लागतोय." त्यातल्या दगडाचा आकडा आला तीन पॉइंट पाच. तो होता खरा पुष्कराज. असे आम्ही नऊ डबे पाहिले. चिठ्ठीवर भारी नाव असेल तिथे आत कचरा, आणि चिठ्ठीवर कचरा असेल तिथे आत माल.

दादा हसायला लागला. "लबाड म्हातारा! फार वर्षांपूर्वी या कपाटातून त्याचे तीन चांगले दगड गेले होते. कुलूप लावू म्हटलं तर म्हणाला, कुलूप लावलं की चोराला कळतं कुठे शोधायचं. बघ काय केलंय! माझ्या नाकासमोर! आणि मी रोज त्याच्या पुष्कराजाच्या डब्याकडे बघून जळत होतो."

तो हसत होता आणि मी यादीवर खुणा करत होतो. मला तशी सवयच आहे. "दादा, एकतीस डबे होते. इथे तीसच आहेत."

"असेल कुठेतरी."

"हिरवा अकीक नाही दिसत. टाकाऊ हिरवा अकीक."

त्याने मान वळवली. कोपऱ्यात ड्रम फिरत होता. इतक्या वर्षांत मला त्याचा आवाज ऐकूच येत नसे, तो तेव्हा आला. दादा उठला, बटण बंद केलं आणि पाठमोरा उभा राहिला.

ड्रममधून राखाडी चिखल निघाला. बादलीत धुऊन आम्ही शेकडो खड्यांतून काळपट हिरवे खडे वेगळे केले. सातच निघाले, बाकीचे फुटून, झिजून चिखलात गेले होते. सगळ्यात मोठा शेंगदाण्याएवढा. कडा गेलेल्या, आत केसासारख्या चिरा. दादाने तो उजेडात आडवा धरला, पोपटी. उभा धरला, काळा. तरी त्याने टेबललॅम्पजवळ तो तापवला आणि मला कागदाचे बारीक कपटे करायला सांगितले. तापलेल्या टुर्मलिनला कपटे चिकटतात. चिकटले. मग तोलला. तीन पॉइंट शून्य सहा.

"पुन्हा कर."

"दोनदा केला, दादा."

"पुन्हा कर म्हणतो ना!"

तिसऱ्यांदाही तेच आलं. चुकावं असं वाटून भागाकार करण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

मी म्हटलं, "अंगठ्याएवढा दुसरा टुर्मलिन मिळेलच बाजारात. चांगला कापून दे. कापल्यावर कोण ओळखतंय?"

"वहिनींनी बघितलाय तो."

"एकदा. किती वर्षांपूर्वी!"

"एकदाच बघितलेलं माणूस विसरत नाही." त्याने वरचा चष्मा काढला. "आणि मी ओळखीन ना. दर वेळी त्या समोर येणार तो अंगठीत घालून."

मंगळवारी त्याने वहिनींना बोलावलं. मला अर्धा दिवस रजा घेऊन ये म्हणाला. काय बोलायचं ते त्याने पाठ केलं होतं, ते सगळं विसरला. "वहिनी, तुमचा दगड माझ्याकडून घासला गेला," एवढंच कसंबसं म्हणाला आणि सात खडे त्यांच्यापुढे ठेवले. बाकीचं मी सांगितलं, चिठ्ठ्यांचं, चोरीचं, ड्रमचं. वहिनी मान हलवत ऐकत होत्या. त्या ओरडतील, रडतील, या तयारीने आम्ही बसलो होतो.

"म्हणजे सगळ्याच डब्यांवर खोटं लिहिलं होतं?"

"सगळ्याच नाही. बहुतेक."

"आणि हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही. मी शेजारी बसायचो, मलाही नाही."

"तुम्ही शेजारी बसायचात," त्या म्हणाल्या. "मी घरात होते. मला का नाही सांगितलं?"

दादा म्हणाला, "सांगणारच असतील, वहिनी. वेळ मिळाला नाही."

"किती वर्षांपूर्वीची म्हणालात ती चोरी?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी वर्षं मोजली होती, पण सांगितली नाहीत.

"मी काय घेऊन पळणार होते का?" त्या म्हणाल्या. उत्तराची वाटही पाहिली नाही. मोठा खडा उचलून त्यांनी खिडकीकडे धरला. "हा तर काळाच दिसतोय."

"आडवा धरा."

"हं. आता जरासा पोपटी." बराच वेळ त्या खडा फिरवून पाहत राहिल्या. "याचं काही होईल, भाऊजी?"

"चिरा आहेत. चाकाला लावला की फुटेल."

"तर मग नका लावू." सातही खडे त्यांनी रुमालात बांधले. दादाने बाकीचे डबे परत न्या, आत मोलाचा माल आहे, म्हणून फार विनवलं. पण त्यांनी हात जोडले. "आत काय आहे ते मला कुठे कळतंय? तुमच्याकडेच राहू द्या." दारात त्या थांबल्या. दादाचे स्वतःचे डबे वरच्या फळीवर होते. "त्यांच्यावर काय लिहिलंय?"

"आत आहे तेच."

"घरी माहीत आहे?"

मास्तरांच्या चिठ्ठ्या खोट्या होत्या, आणि दादाच्या खऱ्या चिठ्ठ्याही घरात कोणी कधी वाचलेल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ड्रम बंद होता. दादाने आपले सगळे डबे खाली मांडले होते आणि एकेक दगड काढून दोऱ्याला बांधत होता. स्वतः घेतलेले, चाटून पारखलेले, वीस-वीस वर्षांचे ओळखीचे दगड. भिंतीला टेकून त्याची बायको पहिल्यांदाच तिथे बसली होती आणि तिच्या मांडीवर माझी यादीची वही होती.

"लिही," दादा तिला म्हणाला, "डबा पहिला, अकीक." मग मला म्हणाला, "किती आला?"

"दोन पॉइंट सहा. अकीकच आहे, दादा. तूच लिहिलंय वर."

त्याने दगड दोऱ्यातून सोडवला, पुसला आणि परत बांधला.

"पुन्हा कर," तो म्हणाला.