कापडी बाळाची मान

साहेबाचं सरकार फुकट काही देत नाही, हे मनकर्णाबाईचं पक्कं मत. म्हणून बाळापुरात सुईणींचा वर्ग उघडला तेव्हा ती गेली, पण शिकायला नव्हे, नजर ठेवायला. अर्ध्या गावाच्या नाळा हिनं कापलेल्या, अन् अकोल्याची ती पोरसवदा नर्सबाई हिला शिकवणार! आज नावं लिहून घेतील, उद्या कुठं काही दगावलं की पोलीस दारात. पण वर्गाला न बसणाऱ्या सुईणीला बाळंतपण करू देणार नाहीत, अशी आवई होती. घरी लेक सत्यभामा आठव्या महिन्यात. तिला परक्या हाती सोपवायची? छे!

सत्यभामेचं पहिलं बाळ पायाळू आलं अन् मनकर्णाबाईच्या हातातच गेलं. त्या वेळी शेजारची गोदाबाई दारात उभी होती. तिनंच करणी केली, असं मनकर्णाबाईनं गावभर केलं. तेव्हापासून दोन वर्षं गोदाबाईला कोणी बारशाला बोलावलं नव्हतं.

नर्सबाईनं एक लाकडी खोकं मांडलं. त्याला पुढून चामड्याचं तोंड, आत चिंध्यांचं बाळ. "पाय आधी आले तर काय कराल?"

"ओढीन! अजून काय करतेत?"

मनकर्णाबाईनं पाय धरून हिसका दिला. धड हातात आलं, मुंडकं आतच. बाया फिदीफिदी हसल्या.

"शिवण कच्ची हाय!" ती कडाडली. "मले खोटं पाडाले मुद्दाम करून राहिल्या तुमी!"

"मग तुम्हीच शिवून आणा," नर्सबाई म्हणाली.

तिनं आणलं की! दाभण घेऊन सुतळीचे दुहेरी टाके घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय, पुन्हा हिसका. टाके टिकले, पण टाक्यांशेजारचं कापड टरकन फाटलं. या वेळी कोणी हसलं नाही.

"ओढायचं नाही, बाई," नर्सबाई हळूच म्हणाली. "बाळाला त्याच्या वजनानं लोंबू द्यायचं. ओढलं की मान ताठते, डोकं अडकतं."

मनकर्णाबाईनं ते मुंडकं बाहेर काढलं आणि मांडीवर घेऊन बसून राहिली. शिवण तिची होती, हातही तिचाच.

घरी परतताना ती गोदाबाईच्या अंगणात शिरली. मेथी निवडत बसलेली गोदाबाई तिला पाहताच उठून दार लावू लागली.

"गोदे, थांब."

"आता कोणाचं काय केलं म्या?"

"काही नाही केलं. तवाही नव्हतं केलं." मनकर्णाबाईनं लागतं दार हातानं धरलं. "पाय आले, अन् म्या ओढलं. सत्यभामेच्या बाळंतपणाले तू येजो. त्या नर्सबाईलेही बोलावून राहिली मी."

कुडापलीकडे सत्यभामा लुगडं वाळत घालत होती. तिचा हात दोरीवरच थांबला.