पाळककाकांच्या वाटचा भरवसा

स्वतःच्याच उपदेशात जांभई देणारा धर्मगुरू मी आयुष्यात एकच पाहिला. हिंदी मुलखात, रांझीत असलेल्या आमच्या छोट्या मराठी चर्चचे ते पाळक. वडीलधारी मंडळी त्यांना पाळकसाहेब म्हणत, बाजारातले लोक पास्टर साब म्हणत आणि आम्ही, त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेले, पाळककाका. जांभई आली की ते तोंडावर हातसुद्धा धरत नसत. ती शेवटपर्यंत देऊन झाली की चष्मा सारखा करत आणि म्हणत, “मलाच कंटाळा येऊन राहिला, तर तुमचं काय होत असेल बाप्पा. शालू, गीत घे.” शालू म्हणजे मी. मी हार्मोनियमवर सूर धरायची आणि देवाच्या दयेचा विषय तिथंच अर्ध्यावर राहायचा.

शास्त्रपाठ वाचून झाला की बाकीचे पाळक आवाज खाली आणतात, डोळे मिटतात. काका मात्र त्या पानाकडे चुकीच्या पत्त्यावर आलेल्या टपालाकडे पाहावं तसे पाहत. “हे काय सांगून राहिले, ते मलाही नीट कळलं नाही,” ते म्हणत. “पाहू, बोलता बोलता कळलं तर.” एकदा वादळात नावेतून उतरून पाण्यावर चालायला निघालेल्या शिष्याची गोष्ट होती. भरवसा डळमळला म्हणून तो बुडू लागला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. काका म्हणाले, “मला नावेतल्या बाकीच्यांची फिकीर पडते. हा टुणकन उतरला, तेव्हा नाव हलली असेल की नाही? भरवसा याचा, आणि पाणी यांच्या अंगावर. घरात एक माणूस फार भाविक असला की असंच होते.” तिसऱ्या बाकावरून काकू खाकरल्या. काकांनी ताबडतोब आशीर्वाद देऊन उपासना संपवली.

काकू नर्स होत्या. दिवसभर इस्पितळात उभ्या राहून घरी आल्यावर शनिवारी संध्याकाळी त्या मेथी निवडायला बसत आणि काका समोर उभे राहून दुसऱ्या दिवशीचा उपदेश म्हणून दाखवत. काकूंचा हात चालूच राहिला की काका समजत, हे टाकाऊ. हात थांबला की ते ठेवत. “तुमच्यापर्यंत जे येतं ते मेथीतून उरलेलं असते,” असं ते आम्हाला सांगत. अडचण एवढीच, की काही शनिवारी काकूंचा हात थांबतच नसे. मग रविवारी जांभई.

माझा देवावर फारसा विश्वास नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी केंद्र सरकारच्या कार्यालयात नोकरी करते. अर्ज केला की उत्तर यावं, अशी माझी सवय. मी एकदा त्यांना स्पष्टच सांगितलं, की मला यातलं काही खरं वाटत नाही, तेव्हा हार्मोनियमला दुसरं कोणी बघा. त्यांनी घाबरून विचारलं, “दुसरं कोण वाजवते इथं?” मग जरा विचार करून म्हणाले, “तू सूर धर. भरवसा मी धरतो. काम वाटून घेऊ.”

त्यांच्या तोंडाला देवाचा धाक नव्हता. चर्चला पडदे शिवायचे म्हणून आम्ही एकदा बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात कापड घ्यायला गेलो. दुकानदार जांभळ्या कापडाचा तागा उलगडत म्हणाला, “पास्टर साब, रंग नहीं जाएगा। भगवान कसम।” काका म्हणाले, “भैया, उसकी कसम मत खाओ। मैं उसी के यहाँ नौकरी करता हूँ, वो किसी की गारंटी नहीं लेता।” दुकानदार हसला, काकाही हसले, आणि कापड घेतलं. पहिल्याच धुण्यात रंग गेला.

आणि मग ती मझौलीची म्हैस. मझौली या खेड्यात आमच्या चर्चचं एक कुटुंब शेती करून राहायचं. त्यांची म्हैस खाली बसली ती उठेना. त्यांनी पाळकांना बोलावलं. काकांनी स्कूटर काढली, गोठ्यात उभं राहून म्हशीच्या पाठीवर हात ठेवून प्रार्थना केली आणि घरच्यांना बजावलं, “आता जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.” डॉक्टर यायच्या आत म्हैस उठली. झालं. त्यानंतर वर्षभर मझौलीहून गायी, बैल, एकदा तर आजारी बकरीसाठी निरोप येत राहिले. काका वैतागले. “माणसांसाठी गुडघे टेकून गुडघे गेले,” ते म्हणत, “आणि ऐकतो कोणाचं? म्हशीचं.”

हे सगळं आम्ही विनोद म्हणून सांगत असू. मग काकू आजारी पडल्या.

पोटाचा कर्करोग निघाला, आणि तोही उशिरा. आमच्या चर्चचे वडील पंच गायकवाडदादा, कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी पाळ्या लावून दिवसरात्र प्रार्थना सुरू केली. इस्पितळात येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, की काकू बऱ्या होणार असा त्यांना दृष्टान्त झाला आहे. काकू उशीला टेकून म्हणाल्या, “दादा, रिपोर्ट मी वाचला आहे. देवानं वाचला नसेल तर त्याला दाखवा.” काका पलंगाच्या पायथ्याशी बसले होते. ते हसले नाहीत. काकूंचं बोलणं ऐकून ते हसले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पाऊस उघडला आणि काकू गेल्या. दफनाच्या दिवशी काकांनी सगळं नीट केलं; लोकांना पाणी मिळालं का, गाड्या मिळाल्या का, तेही पाहिलं. आम्ही म्हटलं, पाळक आहेत, सावरलेत. पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे व्यासपीठावर चढले. मी हार्मोनियमपाशी, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी पुस्तक उघडलं, मग मिटलं.

“म्हशीला उठवलं त्यानं,” ते म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला.

“इतकी वर्षं तुमच्या वाटचा भरवसा मी ठेवला. कोणाला नोकरी लागत नव्हती, कोणाचा पोरगा वाईट मार्गाला लागला होता. तुम्ही थकले की मी म्हणत होतो, राहू द्या, तुमच्या बदल्यात मी ठेवतो. आता माझ्याजवळ नाही. उगाच आहे म्हणून सांगू कशाला? आता काही दिवस माझ्या वाटचा तुम्ही ठेवा.”

एवढं बोलून ते खाली उतरले आणि तिसऱ्या बाकावर, काकूंच्या जागी जाऊन बसले. मी सूर धरला. माझ्या वाटणीचं काम तेवढंच होतं. पण गीत कोणी उचललं नाही, आणि हार्मोनियम बराच वेळ एकटीच वाजत राहिली.

गायकवाडदादा संतापले. “पाळकानंच असं बोललं तर मंडळीनं कोणाकडे पाहावं?” असं म्हणत त्यांनी त्याच दिवशी नागपूरच्या वरिष्ठ पाळकांना फोन लावला. पण दर रविवारी उपासना तर व्हायलाच हवी होती. तेव्हा वरिष्ठ येईपर्यंत मंडळीतल्यांनीच आळीपाळीनं बोलावं, असं ठरलं. पहिला मान गायकवाडदादांनी घेतला. कारखान्यात शेकडो माणसांवर ओरडलेला हा माणूस व्यासपीठावर चढला आणि त्याचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जाईना. त्यांनी भरवशावर बोलायला सुरुवात केली, मग त्यांना तो दृष्टान्त आठवला असावा. ते मध्येच थांबले. “मला खरंच वाटलं होतं हो, त्या बऱ्या होतील,” एवढं म्हणून ते खाली आले. काकांनी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.

पुढच्या एका रविवारी सुमितची पाळी आली. इथंच जन्मलेला, इथंच शिकलेला पोरगा. मराठी समजते, पण बोलताना हिंदी आडवी येते. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्याच्या डोक्यात पक्कं. तो खणखणीत आवाजात म्हणाला, “देवानं मला आणि माझ्या बहिणीला फार चांगली शिक्षा दिली. मी प्रार्थना करतो, की इथल्या प्रत्येक लेकराला अशीच शिक्षा मिळो.” म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आणि तिसऱ्या बाकावरून एक आवाज आला. काका हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सुमित बिचारा विचारत होता, “काहून हसून राहिले सगळे?” काकू गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते.

नागपूरचे वरिष्ठ आले ते नेमके त्याच सुमारास. उपासनेनंतर मंडळी बसलेली असतानाच त्यांनी काकांना उभं करून विचारलं, “पाळकसाहेब, सरळ सांगा. तुमचा देवावर विश्वास आहे की नाही?”

काका म्हणाले, “सकाळी असतो साहेब. जेवणानंतर उतरतो.”

वरिष्ठांना ते रुचलं नाही. असा पाळक मंडळीच्या माथी मारता येणार नाही, पुढच्या रविवारपासून उपदेश करा नाहीतर राजीनामा द्या, असं त्यांनी सांगितलं. काका मान हलवून राजीनाम्याला तयारच झाले. तेवढ्यात गायकवाडदादा उठले. तक्रार त्यांचीच, हे सगळ्यांना माहीत होतं.

“साहेब,” ते म्हणाले, “आमच्या पाळकांच्या वाटचा भरवसा सध्या आमच्याकडे आहे. त्यांनी दिला, आम्ही ठेवून घेतला. त्यांनी परत मागितला की देऊ. तोवर ते बसतील.”

“हे कुठल्या नियमात बसतं?”

“बसत नसेल. माणूस बाकावर बसला आहे, तेवढं पुरे.”

वरिष्ठांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे खाली पाहत होतो, पण उठत कोणीच नव्हतं. शेवटी ते चहा पिऊन गाडीला गेले.

काका उपदेशाला पुन्हा उभे राहिले ते सुमितच्या लग्नात. सुमित त्यांना सांगायला गेला, तेव्हा मीही होते. काका म्हणाले, “माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही रे.” सुमित म्हणाला, “तो फिर वही बोल दीजिए काका, पण थोडक्यात. जेवणाची गाडी टाइमावर येऊन राहिली.” या आग्रहापुढं त्यांचं चाललं नाही. लग्नाच्या दिवशी त्यांनी नवरानवरीला समोर उभं केलं आणि चष्मा सारखा केला.

“मी तुम्हाला देवावर भरवसा ठेवा म्हणून सांगत आलो,” ते म्हणाले. “खरं म्हणजे माझा भरवसा तुमच्या काकूवर होता. देवाशी माझी ओळख तिच्या ओळखीनं होती. ती म्हणायची तो भला आहे, तर मी म्हणायचो, असेल. आता ती मध्ये नाही. थेट बोलावं लागून राहिलं. अवघड जाते. तो बोलत नाही, मला सुचत नाही. दोन नवे सोयरे बसतात तसे आम्ही बसून राहतो. पण उठून कोणीच गेलेलं नाही अजून. तुम्ही दोघं भांडाल तेव्हा एवढं करा. उठून जाऊ नका.”

चमत्कार वगैरे काही झाला नाही. पुढच्या रविवारी ते आपणहून व्यासपीठावर गेले, चाचरत बोलले आणि लवकर संपवलं. गायकवाडदादांनी जोरात आमेन म्हटलं, जणू आपणच बोललो.

निवृत्त झाल्यावर ते अमरावतीला मुलीकडे राहायला गेले. रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. कोण बोललं, किती वेळ बोललं, कोण झोपलं, हे सगळं त्यांना सविस्तर हवं असायचं. मागच्या उन्हाळ्यात मला छातीत गाठ लागली. तपासणी झाली आणि रिपोर्ट घ्यायला मी एकटीच इस्पितळात जाऊन बसले. कुणाला सांगितलं नव्हतं, पण गायकवाडदादांना कळलंच होतं. काकांचा फोन आला. मला वाटलं, आता प्रार्थना करतील, आणि मला ती सोसवणार नाही. ते म्हणाले, “शालू, इथं शेजारी पोपट पाळला आहे. माझा आवाज काढून मुलीला चहा मागतो, आणि ती चक्क देते.” मग मुलीच्या भाजीतलं मीठ झालं, अमरावतीचे डास झाले, तिथल्या पाळकांचं इंग्रजी झालं. आतून माझं नाव पुकारेपर्यंत ते थांबले नाहीत.

रिपोर्ट चांगला निघाला. बाहेर येऊन मी फोन केला आणि, माझं मलाच आश्चर्य वाटलं, म्हणाले, “काका, तुमच्या प्रार्थनेनं झालं.”

“अगं,” ते ओशाळून म्हणाले, “तेवढ्यासाठीच फोन केला होता. पोपटाच्या नादात राहूनच गेली.”

थंडीत ते झोपेतच गेले. आम्ही रांझीची बरीच मंडळी नागपूरमार्गे अमरावतीला पोचलो. दफनविधीला तिथले तरुण पाळक होते. त्यांची काकांशी फारशी ओळख नसावी. शवपेटीशेजारी उभं राहून ते गंभीर आवाजात सांगू लागले, “आपल्या या बंधूंचा विश्वास खडकासारखा होता. तो एक क्षणही डळमळला नाही. त्यांनी देवाला कधी प्रश्न विचारला नाही.”

मी गायकवाडदादांकडे पाहिलं नसतं तर निभावलं असतं. पण मी पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. पलीकडे सुमितनं रुमालात तोंड खुपसलं होतं. काकांच्या मुलीनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि चटकन पदर तोंडाला लावला. बघता बघता रांझीची अख्खी रांग गदगदा हलायला लागली. आवाज फुटू नये म्हणून आम्ही एकमेकांचे हात घट्ट धरून उभे राहिलो.

अमरावतीच्या लोकांना वाटलं, आम्ही रडतो आहोत. तेही काही खोटं नव्हतं.