टाकीचं पहिलं पाणी

माझा राग नाकावर असतो, असं घरचे म्हणतात. असू दे. त्याच नाकावर मी गेली वीसेक वर्षं पोट भरते आहे.

कसबा पेठेतल्या एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत मी रसायनतज्ज्ञ आहे. खाली तांबटांची ठोकठोक, वर आमच्या बाटल्या. पिण्याच्या पाण्याला ज्या वस्तूचा स्पर्श होणार, त्या प्रत्येक वस्तूला आधी मान्यता लागते. मग ती तुरटी असो, क्लोरीनची पावडर असो, पाइपाच्या जोडातलं रबर असो, की टाकीच्या आतल्या भिंतीला लावायचा रंग. या मान्यतेच्या कागदाच्या मागच्या बाजूला अटी असतात. काय किती मिसळायचं, कसं लावायचं, किती दिवस सुकू द्यायचं, सगळं लिहिलेलं असतं. लोक पुढची बाजू बघतात, शिक्का बघतात आणि खूश होतात. कागद उलटताना बहुतेक त्यांचे हात दुखत असावेत.

"मॅडम, मान्यताप्राप्त माल आहे," असं मला रोज कुणीतरी ऐकवतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. "छान. अटी वाचल्यात का? नाही? मग वाचून या. आम्ही सहापर्यंत उघडे असतो."

वासाची तपासणी यंत्र करत नाही, नाक करतं. बाटलीतलं पाणी जरा कोमट करायचं, झाकण काढायचं आणि लगेच हुंगायचं. गार पाण्यात लपून बसलेला वास उबेने वर येतो. आमच्याकडे या कामाला तीन नाकं आहेत, आणि त्यातलं मुख्य माझं. तपासणी असेल त्या दिवशी डोक्याला तेल नाही, गजरा नाही, डब्यात कांदा नाही, गुडघ्याला बाम नाही. लग्न झाल्यावर वर्षभर माझ्या सासूबाईंची समजूत होती की मला फुलांचं वावडं आहे. मीही ती मोडली नाही, कारण समजावून सांगायला गेले असते तर आणखी प्रश्न आले असते.

हडपसरला ज्या वस्तीत मी वाढले, तिथल्या नव्या टाकीचं काम आमच्याकडे तपासणीला आलं, तेव्हा मी खूश झाले होते. आई अजून त्याच वस्तीत राहते. आमच्याकडे ये म्हटलं की म्हणते, "हितं माझी माणसं हायती. तुझ्या बिल्डिंगीत मला कोण बोलनार?" वस्तीला टँकरचं पाणी यायचं. टँकर आला की बायका हातातलं काम टाकून पळायच्या. शाळेत असताना मीही पळाले आहे. टाकीचे खांब उभे राहायला लागले तेव्हापासून आई फोनवर माझी विचारपूस नंतर करायची. आधी टाकी किती वर आली ते सांगायची.

टाकी बांधून झाली. आतून रंगाचा थर लावून झाला. रंगाला रीतसर मान्यता होती. अटी अशा होत्या: दोन डब्यांतला माल ठरलेल्या मापात मिसळायचा, त्यात थिनर अजिबात घालायचा नाही, थर सुकायला पुरेसे दिवस द्यायचे, मग टाकी धुवायची, पाणी भरायचं, एक दिवस तसंच ठेवायचं, त्यातून नमुना घ्यायचा आणि ते सगळं पहिलं पाणी सोडून द्यायचं. नमुना पास झाला तर पुन्हा भरायची, आणि ते पाणी प्यायचं.

पहिल्या पाण्याचा नमुना माझ्या बाटलीत आला. कोमट केला, झाकण काढलं आणि थिनरचा वास आला. गोडसर, घशाच्या मागे जाऊन बसणारा. बाकीच्या दोन नाकांनीही तेच सांगितलं.

मी त्याच दिवशी टाकीवर गेले. रंगारी सरळ माणूस होता. तो म्हणाला, "थंडीनं रंग घट्ट झाला व्हता बाई. ब्रश फिरंना. मग जरा पातळ केला. समदेच करत्यात." ठेकेदार मात्र हसत होता. "मॅडम, थिनरसुद्धा चांगल्या कंपनीचा वापरलाय आम्ही!" म्हणजे विष असलं तरी दुकान बघून घेतलेलं. मी म्हटलं, थर खरवडायचा आणि पुन्हा लावायचा. त्याचं हसू गेलं. लोकार्पणाचा मांडव ठरला होता, पाहुणे ठरले होते, टाकीत सोडायचा नारळसुद्धा ठरला होता. तो जरा जवळ आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "अहो, कुणासाठी एवढं? ही माणसं इतकी वर्षं टँकरचं पितायत. त्यांना चालतंय."

त्याच माणसांतली एक समोर उभी आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. माझे कान मात्र तापले. टँकरच्या मागे पळताना एकदा माझं ढोपर फुटलं होतं, त्याची खूण अजून आहे, आणि त्या क्षणी ती खूण दुखायला लागली म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मला इतका राग आला होता.

आमच्या प्रयोगशाळेचे सर तसे वाईट नाहीत, फक्त त्यांना भांडण सोसत नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे बघा, रंग मान्यताप्राप्त आहे. दुसऱ्यांदा भरलं की वास जाईलही. आणि तुमच्याच वस्तीचं पाणी आहे ना? तुम्हीच अडवणार?"

मी म्हटलं, "माझ्या वस्तीचं आहे म्हणून सही करू, की माझ्या वस्तीचं आहे म्हणून करू नको? आपण एक काय ते ठरवा, मी तोवर रिपोर्ट टाइप करते." आणि केला. नापास. कारणासकट, अटीच्या क्रमांकासकट. सरांनी तो पाठवला, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

टाकी सकाळी रिकामी होणार होती. ठेकेदार अर्धीच सोडेल आणि वरून ताजं भरेल अशी मला खात्री होती, म्हणून मी उजाडताच तिथे जाऊन उभी राहिले. व्हॉल्व्हमनने चाक फिरवलं तेव्हा उंच टाकीतलं पाणी खालच्या पाइपातून नाल्याकडे धबाधबा सुटलं. दिसायला इतकं स्वच्छ, की माझाही जीव कळवळला.

आणि मग आवाज झाला. मी तो आवाज झोपेतही ओळखेन. हंड्यांचा. वस्तीतून बायका पळत आल्या, जशा टँकर आल्यावर येतात तशाच. पाणी वाया जातंय एवढंच त्यांना दिसत होतं. यात चूक असेल तर ती माझी होती. मान्यतेच्या सगळ्या अटी मला पाठ होत्या, पण पाणी नाल्यात सुटताना बघून या वस्तीतली बाई काय करेल हे ओळखून आदल्या दिवशी येऊन सगळ्यांना सांगायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. मला! त्याच टँकरमागे पळत वाढलेल्या मला.

मी ओरडले, हात आडवे केले. "पिऊ नका, खराब आहे!" कोण ऐकतंय? पाणी डोळ्यांसमोर काचेसारखं वाहत होतं. शेवटी मी भरलेला एक हंडा धरला आणि पालथा केला. मग दुसरा. मग तिसरा. तिसरा हंडा आमच्या शेजारच्या मावशींचा होता. त्यांनी मला लहानपणी न्हाऊ घातलं आहे. त्यांनी रिकामा हंडा उचलून काखेत घेतला आणि माझ्याकडे पाठ करून निघून गेल्या. दुसऱ्या बायकांनी शिव्या दिल्या, त्या मला परवडल्या.

टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत मी हलले नाही. मग आईकडे गेले. तिने चहा विचारला नाही.

"समद्यांदेखत हंडे लवंडलेस म्हनं."

"आई, त्या पाण्यात..."

"मी बारकी व्हते," ती म्हणाली, "तवा गावच्या हिरीवर माझ्या आईचा हंडा लवंडला व्हता एकानं. काठीनं. हिरीला शिवली म्हनून. त्यापायी गाव सोडलं, धम्म घेतला, हितं आलो. त्याच्या हातात काठी व्हती. तुझ्या हातात कागद हाय. फरक काय?"

तेवढ्यात मोरीत झाकून ठेवलेला हंडा दिसला. मी पहिला हंडा पालथा करायच्या आधीच तिने तो नाल्यावरच्या गर्दीतून भरून आणलेला होता. मी त्यातलं वाटीभर पाणी गॅसवर कोमट केलं, ताटली झाकली आणि तिच्या नाकाशी नेऊन ताटली काढली.

तिने हुंगलं. "येतोय वास. मग? ह्याच घरात चिमनीच्या धुरात तू अभ्यास केलास. मेलीस का?"

वासाने ती बधणारी नव्हती, कारण तिने जन्मभर याहून वाईट सोसलं होतं. तेव्हा मी तिला ठेकेदाराचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. ही माणसं टँकरचं पितायत, त्यांना चालतंय. आणि म्हटलं, "त्या काठीवाल्याला आपण पाण्याजवळ नको होतो. ह्याला आपण पाण्याजवळ चालतो, कारण पाणीच टाकाऊ आहे. मी दोघांनाही सोडणार नाही. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर."

आईने वाटी मोरीत ओतली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. हंडा एकटीने उचलला. मी पुढे झाले तर तिने कोपराने मला बाजूला सारलं. गल्लीत मधोमध जाऊन उभी राहिली आणि मावशींना हाक मारली, बाकीच्यांनाही मारली. सगळ्या दारात आल्यावर तिने तो हंडा ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत.

"ठेकेदार म्हनतो आमाला चालतंय," ती म्हणाली. "आमाला चालत न्हाय."

लोकार्पण पुढे गेलं. थर खरवडला, नवा लावला. ह्या वेळी रंगाऱ्यावर नजर ठेवायला मी गेले नाही, जायची गरजच पडली नाही. मावशी आणि आणखी दोघी रोज टाकीच्या दाराशी बसायच्या आणि आत जाणारा प्रत्येक डबा थांबवून विचारायच्या, "थिनर न्हाय ना रे?" पहिलं पाणी सोडलं त्या सकाळी एकही हंडा नाल्यावर आला नाही.

नमुना आमच्या तिन्ही नाकांनी पास केला. कागदावरच्या अटी संपल्या होत्या. पण सही करण्याआधी मी एक अट माझ्या पदरची घातली आणि बाटली घेऊन आईकडे गेले. तिला फोनवर नुसतं येते म्हणाले होते. जाऊन बघते तर केस कोरडे, बामाची डबी लांब खिडकीत ठेवलेली, आणि गॅसवरच्या भाजीत कांदा पडलेला नाही.

मी पाणी कोमट केलं. तिने बाटली हातात घेतली, डोळे मिटले आणि हुंगलं. मग म्हणाली, "पुन्यांदा दे." पुन्हा हुंगलं. तिला अजिबात घाई नव्हती. बाहेर बायका थांबल्या होत्या, माझं पेन हातात होतं, आणि जिच्या आईला पाण्याला शिवू दिलं नव्हतं ती बाई एका आख्ख्या टाकीचं पाणी पारखत होती.

तिने झाकण घट्ट लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"कर सही."