शकुबाईचं चार इंजिनांचं विमान

तान्ह्या पोळ्याला मुकुटबनात लेकरं जेवढे लाकडी नंदी ओढत फिरवतात, त्यातले निम्मे तरी शकुबाईच्या हातचे असतात. नवरा होता तोवर तो नांगर, वखर, चौकटी करायचा आणि शकुबाई बाजूला बसून नंदी कोरायची. ट्रॅक्टर आले, लाकडी नांगर गेले, पुढं नवराही गेला. नंदी राहिले. सावरीच्या हलक्या लाकडाचा ठोकळा ती मांडीशी धरते, पटाशी लावते, आणि बघता बघता त्यातून वशिंड वर येतं. नंदीला तिनं कधी मापपट्टी लावली नाही. तिचा हात हेच माप.

या बाईनं महायुद्धातलं बॉम्ब टाकणारं विमान लाकडात उभं केलं. ते कसं झालं, ते सावकाश सांगण्यासारखं आहे.

तिच्या घरामागं बाबाराव राहतात. वय पंचाण्णवच्या पुढं, दोन्ही डोळे गेलेले. सोळा-सतराव्या वर्षी ते नागपूरला गिरणीत काम शोधायला गेले आणि एका कंत्राटदारानं त्यांना बंगालात, लष्कराच्या विमानतळावर मजुरीला नेलं. तिथं ते विमानं आतून झाडायचे. लिब्रेटर म्हणत त्या विमानाला. बाबाराव सांगायचे, त्याला चार इंजिनं होती, कुशी भिंतीसारख्या सपाट होत्या, पोटाची दारं दुकानाच्या शटरसारखी वर सरकत, आणि पोटातून पलीकडं जायला वीतभर रुंदीची एकच पट्टी होती.

चहाच्या टपरीवर लोक ऐकत आणि हसत. बाबाराव, आज विमान कुठं उतरवलं, असं विचारत. हे इतकी वर्षं चाललं की एक दिवस म्हातारा शकुबाईच्या ओसरीवर बसून हळूच म्हणाला, "शकू, लोक म्हनते ते खरं असन काय वं? आता मले माह्यंच खरं वाटत नाही. सपन असन."

शकुबाईचा नवरा गेला तेव्हा तेरवीनंतर सगळे पांगले होते. बाबाराव मात्र काठी टेकत रोज येऊन तिच्या ओसरीवर बसत. त्या माणसाला आपल्याच आयुष्याचा भरवसा उरू नये, हे तिला सोसलं नाही.

बाबारावांची नात प्रियंका यवतमाळला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. तिनं विमानाचे नकाशे शोधून मोठ्या कागदांवर छापून आणले. शकुबाईनं तिला बजावलं, "कागदात असन तेच करीन. बुढ्यानं सांगितलं म्हनून केलं, त ते खरं कसं ठरन?"

सुतारकामात इंचाचे आठ सूत असतात. तिनं विमानाच्या एका फुटाला चार सूत धरले. एकशे दहा फुटांचे पंख पंचावन्न इंचांवर आले. पोटातली नऊ इंचांची पट्टी तीन सुतांची झाली. चार इंजिनांची बारा पाती तिनं एकेक करून घासली. बांबूच्या बारीक काड्या कापडावर चिकटवून पोटाची सरकती दारं केली. पोळ्यानंतर धरलेलं काम होळीला संपलं.

विमान बाबारावांपुढं ठेवलं. त्यांची बोटं नाकावरून पंखावर गेली, इंजिनं मोजून आली. मग कुशीवर येऊन थांबली. त्यांनी हात काढून घेतला.

"मेहनत लय केली तू. पन ह्या कुशी गोल हायेत. तू त कागद पाहून केलं, मंग कागदच खरा. मीच सपन पाह्यलं."

दोन दिवस ते ओसरीवर आले नाहीत.

शकुबाईनं नकाशा पुन्हा पसरला. विमान आडवं कापल्यावर जसं दिसेल तो आकार पुठ्ठ्यावर काढला, त्याचा पोकळ फर्मा कापला आणि विमानावर चढवून पाहिला. तो चढेचना. पोट दोन्ही बाजूंनी सूतभर फुगलं होतं. लांबी, उंची, पंख, सगळं तिनं मोजलं होतं. कुशी तेवढ्या हातावर सोडल्या होत्या, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं हातानं बैलाचं पोट दिलं होतं. कूस भरलेली नसली तर नंदी उपाशी दिसतो.

ती तशीच उठून बाबारावांकडं गेली. "आबाजी, चूक माह्या हाताची हाये. मी विमानाले बैलाचं पोट देल्लं. तुमी म्हनता तेच कागदात हाये."

बाबाराव म्हणाले, मले बरं वाटावं म्हनून बोलून राह्यली तू.

कूस तासायला जागा नव्हती, आतून लाकूड पोखरून पातळ केलेलं होतं. तिनं नवा ठोकळा घेतला. दर दोन इंचांना एक फर्मा कापला. फर्मा अडकला की कानस, सरकला की पुढचा. उन्हाळा त्यातच गेला. बाबारावांनी अंथरूण धरलं, तशी तिनं त्या वर्षीची नंदीची कामं परत पाठवली. तान्ह्या पोळ्यात लेकरं विमान ओढतीन काय, असं एकीनं टोचून विचारलं. शकुबाईनं मान वर न करता विचारलं, मागच्या वर्षीचे बैल मेले काय तुमचे?

श्रावणात तिनं नवं विमान बाबारावांच्या खाटेवर, त्यांच्या हाताशी ठेवलं. या वेळी त्यांचा तळवा सरळ कुशीवर गेला आणि तिथंच राहिला. बराच वेळ. मग नखानं त्यांनी दार वर ढकललं. ते सरकलं. दोन बोटं आत शिरली आणि त्या तीन सुतांच्या पट्टीवरून पाय टाकावेत तशी एकापुढं एक चालत गेली. टोकापर्यंत. आणि परत.

प्रियंकानं विचारलं, टपरीवरच्यांना बोलावू का?

"आता कायले?" ते म्हणाले.

त्या दुपारी ते बोलत राहिले. विमानाच्या अगदी मागं, शेपटीत, बंदूक घेऊन बसणारा एक तरणा गोरा होता. तो ह्यांना बिस्किटं द्यायचा आणि ह्यांच्याकडून मराठी आकडे शिकायचा. सातापर्यंत शिकला, तेवढ्यात त्याचं विमान गेलं ते आलंच नाही. लोक हसतील म्हणून ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. शकुबाई खाटेच्या पायाशी बसली होती. तो कसा दिसे, असं तिनं विचारलं, आणि बाबाराव अजिबात न अडखळता सांगू लागले.