बिनपगारी

वाशीत मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथे कॉम्प्युटरवर एक सिव्हिल इंजिनियर मुलगी बसते. नोकरी शोधणाऱ्या पोरांचे बायोडेटा छापताना ती चुका परस्पर दुरुस्त करते आणि मान वर न करता म्हणते, "स्पेलिंग चुकलंय. असा दिला तर कॉल येनार नाय."

परवा महाप्याच्या एका कंपनीतला साहेब जाहिरात छापायला आला. इंजिनियर हवेत, सहा महिने बिनपगारी.

तिने विचारलं, "सर, तुमच्या शिपायाला पगार देता?"

"देतो की."

"मग आमीच फुकट कशाला?"

तिने कागद परत केला. दुकानाच्या मालकाने तो घेतला आणि शंभर प्रती काढल्या. ती बाहेर जाऊन उभी राहिली. माझं डोकं तापलं होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. त्याचीच जास्त चीड येते.